मजल आणि मुक्काम



तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या खाड्यांतून भरतीचे पाणी ज्या पेडण्याच्या शेतांपर्यंत चढते, आणि लोहखनिजाच्या शोधात माणूस ज्या डिचोलीत वर चढण्यापेक्षा खालीच अधिक खणत गेला, तेथील वैद्यक व्यावसायिकांपुढे अध्यक्षाने अत्युच्च पर्वतांवरील प्राणवायूच्या न्यूनतेविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. साऱ्या गोव्यात सर्वांत उंच म्हणून जो सत्तरीतील सोसोगड, त्याची उंची साडेअकराशे मीटरांच्या आसपास, आणि पर्वतव्याधीचा अंमल सामान्यतः सुरू होतो तो अडीच हजार मीटरांच्या वर! परंतु डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि केदारनाथ, अमरनाथ किंवा लेह येथे जाण्यास निघालेला आपला रुग्ण आता आपल्याच उंबरठ्यावरून आकाशात उठतो.

तशी ही वाट गोव्याला अपरिचित नव्हती. आंतोनियु द आंद्रादे हा येशूसंघीय पाद्री १६०० साली गोव्यास आला, १६२४ साली आग्र्याहून निघून बदरीनाथाच्या यात्रेकरूंच्या तांड्यात सामील झाला, आणि साडेपाच हजार मीटरांहून उंच असलेला माणा घाट ओलांडून तिबेटात उतरला. १६२६ साली लिस्बन येथे छापल्या गेलेल्या त्याच्या वृत्तांतात असे आहे की, या डोंगरांतून विषारी वाफा निघतात आणि त्यांनी धडधाकट माणूस पाव तासात मरतो, असा तेथील लोकांचा समज होता. आंद्रादेने मात्र तो दोष कडक थंडीवर ठेवला. ज्याच्या बोटाचा तुकडा गेलेला रक्त दिसल्यावरच त्याला कळला, त्याने थंडीला जबाबदार धरावे हे स्वाभाविकच होय. दोन्ही निदाने चुकली, तरी निरीक्षण अस्सल होते. खरे कारण प्रयोगाने सिद्ध होण्यास पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८७८ च्या ग्रंथापर्यंत थांबावे लागले.

ते कारण असे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण हरमलच्या वाळूवर आणि लेहच्या बाजारात सारखेच, शेकडा २१ च्या सुमाराचे, असते; घटतो तो हवेचा दाब, जो समुद्रसपाटीस पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांएवढा असून साडेतीन हजार मीटरांवर त्याच्या दोन-तृतीयांशाजवळ येतो. रक्तातील प्राणवायू उतरू लागताच मानेतील रोहिणीच्या फाट्याशी असलेला तांदळाच्या दाण्याएवढा पिंड श्वसनकेंद्रास तत्काळ वर्दी देतो, आणि श्वास जलद व खोल होतो. परंतु त्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही अधिक बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते, आणि ती अल्कताच पुन्हा श्वसनाला आवर घालते. हा तंटा मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून मिटवतात, पण त्यांना काही दिवसांची मुदत लागते. तोवर रात्री झोपेत श्वास चढत जातो, मग काही सेकंद थांबतो, पुन्हा चढतो. आणि शेजारी निजलेली पत्नी घाबरून उठून बसते. तांबड्या पेशी वाढविण्याचा हुकूम मूत्रपिंडांतून काही तासांतच सुटतो, त्याचा पुरता वसूल पदरी पडण्यास मात्र आठवडे लागतात.

फुप्फुसांची गोष्ट अधिक चमत्कारिक. फॉन ऑयलर व लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ साली दाखविले की, प्राणवायू कमी पडताच फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. न्यूमोनियात हीच युक्ती रुग्णाला तारते, कारण बिघडलेल्या भागाकडील रक्त निरोगी भागाकडे वळते. पर्वतावर मात्र अवघ्या फुप्फुसातच न्यूनता असल्याने वाहिन्या सर्वत्र, पण विषम, आवळतात, दाब चढतो, आणि काहींच्या वायुकोशांत पाणी उतरते, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री.

१९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धात मैदानी मुलखातील पलटणी पुरेशा सरावावाचून हिमालयात रवाना झाल्या, आणि त्या काळातील अनुभवातून इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरील निरीक्षणे १९६९ साली प्रसिद्ध केली. आज लष्कराचा दस्तूर असा की, जवानाने नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, आणि त्याहून वर पुन्हा चार दिवस सराव करावा. ज्याला कोणाचा हुकूम नाही असा आमचा साठीतला निवृत्त कारकून मात्र मोपाहून निघून दुसऱ्या दिवशी लेहला उतरतो आणि तिसऱ्या दिवशी खार्दुंग घाटावर छायाचित्र काढवून घेतो.

तो जाण्यापूर्वी दाखल्यासाठी आपल्याकडे येतो, आणि आपण रक्तदाब, साखर व हृदयालेख पाहून सही करतो. माझ्या मते हा दाखला अर्धाच होय. कारण पर्वतव्याधी सशक्त तरुणालाही सोडीत नाही, उलट भरभर चढण्याच्या उमेदीने तोच तिच्या तावडीत लवकर सापडतो. रक्तदाब मोजण्याआधी प्रवासाचे वेळापत्रक मागावे. तीन हजार मीटरांच्या वर रोजचा रात्रीचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी. ॲसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे काम लवकर उरकून देते खरे, पण अविचारी वेळापत्रकाला ते पुरे पडत नाही. डोके दुखू लागल्यास पुढे चढू नये, आणि बसल्या जागी धाप लागल्यास किंवा चालताना झोक जाऊ लागल्यास उजाडण्याची वाट न पाहता त्याच रात्री खाली उतरावे, एवढी सूचना आपण प्रत्येकाने दाखल्याच्या मागच्या बाजूवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावी, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.