बंगळूरची परिषद आणि शाळेतलं मराठी

(1997 च्या दहावीच्या तुकडीच्या पंचविसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘दहावीनंतरचा प्रवास’ असा विषय दिला आहे आणि वेळ दिला आहे पंधरा मिनिटं. पंचवीस वर्षं पंधरा मिनिटांत बसवायची तर मिनिटाला दीड वर्षाहून जास्त होतात. म्हणून मी विषयातला ‘प्रवास’ हा शब्द तेवढा घेते आणि एकाच प्रवासाबद्दल बोलते. तो चार-पाच दिवसांचा होता. त्यात आपली शाळा फार आहे आणि शेवटी मला तुमच्याकडे काही मागायचंही आहे.

2002 सालचा डिसेंबर. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या महिन्यात बंगळूरला ‘लिनक्स बंगळूर’ नावाची परिषद होती. लिनक्स म्हणजे काय हे इथे सगळ्यांना माहीत असायचं कारण नाही. संगणक चालवणारी ती एक मूळ प्रणाली आहे. तिचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. आज तुमच्या हातात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे. ती ज्यांनी बनवली, वाढवली, अशी माणसं प्रत्यक्ष बोलणार होती. कॉलेजच्या सूचनाफलकावर कुणीतरी त्याचं पत्रक लावलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि शनिवारी तासगावला घरी आले.

आमच्याकडे दीड एकर द्राक्षबाग होती. इथल्या निम्म्या लोकांना डिसेंबर म्हणजे काय हे सांगायला नको. छाटणी झालेली असते, मणी धरत असतात, फवारण्या चालू असतात. औषधाच्या दुकानातलं खातं वाढत असतं आणि पैसा घरात यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. त्या वर्षी तर पावसानेही दगा दिला होता. बाबा विहिरीतलं पाणी बघायचे आणि गप्प बसायचे. अशा वेळी मी म्हणाले, मला बंगळूरला जायचंय.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “तिथं गेल्यावर नोकरी मिळती का?”

मी म्हणाले, “नाही. ऐकायला जायचंय.”

“मग एवढ्या लांब एकटी कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर आलं ते गणिताच्या सरांकडून. सर आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना हे आवडणार नाही, पण मी सांगणार आहे. आईने त्यांच्या कानावर घातलं असावं. रविवारी सकाळी ते सायकलवरून बागेत आले. चहा घेतला. द्राक्षाच्या भावावर बोलले, भुरीवर बोलले आणि उठता उठता बाबांना म्हणाले, “बंगळूरला माझे मेहुणे असतात, मल्लेश्वरमला. पोरगी त्यांच्याकडे उतरेल. मिरजेला गाडीत बसवायला मी जातो. परत आली नाही तर मला विचारा.” बाबा हसले. तेव्हाच मला कळलं की जायचं ठरलं. पैसे आईने भिशीतून दिले.

मिरजेहून दुपारी निघालेली गाडी बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी करत दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोहोचते. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सरांनी मेहुण्यांसाठी दिलेली बेदाण्याची पिशवी. धारवाडपर्यंत डब्यात मराठी ऐकू येत होतं. त्यानंतर कन्नड. पण मिरजेच्या बाजारात वाढलेल्या माणसाला कन्नड अगदीच परकं नसतं. ‘एष्टु’ म्हणजे किती, एवढं कानावर होतंच. शिवाय आक्का, अण्णा, अप्पा दोन्हीकडे तेच. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी मला आक्का म्हटल्यावर मी निर्धास्त झोपले.

सरांचे मेहुणे, म्हणजे आमचे काका, स्टेशनवर घ्यायला आले होते. मराठी माणूस बंगळूरला काही आजकाल गेलेला नाही. शहाजीराजांना 1638 पासून बंगळूरची जहागीर होती, हे काकांनी मला पहिल्याच रिक्षात ऐकवलं. काकूंचं मराठी कन्नडच्या चालीवर चालायचं. त्यांनी मला एकच सूचना दिली. “कंडक्टरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणू नकोस. टाटा इन्स्टिट्यूट म्हण.” खरंच तसं होतं. जमशेटजी टाटांच्या देणगीतून 1909 मध्ये उभी राहिलेली ती संस्था आजही तिथल्या बसमध्ये आणि रिक्षात टाटा इन्स्टिट्यूटच आहे. परिषद तिच्याच जे. एन. टाटा सभागृहात होती.

त्या आवारात मोठमोठी झाडं आहेत, जुन्या दगडी इमारती आहेत. पुढे वाचनात आलं की 1933 साली कमला भागवत नावाची एक मराठी मुलगी बी.एस्सी. होऊन याच संस्थेत प्रवेश मागायला गेली होती. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. लग्नानंतरच्या कमला सोहोनी. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. तिने हट्ट सोडला नाही. शेवटी वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर तिला घेतलं गेलं. पुढे 1939 मध्ये तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मला परवानगी मिळवायला एक रविवार लागला. तिला किती लागलं असेल, याचा विचार मी अजूनही करते.

सभागृह भरलेलं होतं. मुली मोजक्या. सगळं इंग्रजीत, तेही भरभर. पहिला दिवस मी वहीत नुसते शब्द लिहीत गेले. माझ्या शेजारी बसलेली मुलं मध्येच उठून माइकवर प्रश्न विचारत होती, वक्त्यांना नावाने हाक मारत होती. आपण मराठी माध्यमातले. आपल्या शाळेत तेव्हा एकच संगणक होता, त्यावर कापडी झाकण असायचं आणि आपल्याला त्याचं दर्शन खंडेनवमीला हार घालताना व्हायचं. (हशा) दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, बाबांचा प्रश्न बरोबर होता. कशाला आलो आपण?

त्या दुपारी एका तरुणाने भारतीय भाषांवर बोलायला सुरुवात केली.

त्या काळची अडचण थोडक्यात सांगते. तेव्हा संगणकावर मराठी लिहिता यायचं, पण प्रत्येकाचा फाँट वेगळा आणि प्रत्येक फाँटची आतली मांडणी वेगळी. सांगलीत टाइप केलेलं पत्र पुण्यातल्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. यावरचा उपाय होता युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा. ‘क’ चा क्रमांक 2325, मग संगणक कुणाचाही असो. देवनागरीला अशा 128 जागा दिल्या होत्या आणि त्यांची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ नावाच्या भारतीय प्रमाणावरून घेतली होती. मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट तोवर विंडोजमध्ये आलेला होता. लिनक्सवर मात्र काम नुकतं सुरू झालं होतं.

त्या तरुणाने पडद्यावर हिंदी मजकूर दाखवला. टाळ्या पडल्या. मग म्हणाला, हिंदी झालं म्हणजे मराठी झालंच, लिपी एकच आहे. आणि त्याने मराठीतलं एक वाक्य टाइप करून दाखवलं. त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता. पडद्यावर तो दिसला ‘दुसर्या’. ‘या’ च्या डोक्यावर रफार!

मंडळी, आठवीतला मराठीचा तास आठवतोय? बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले होते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना. आणि विचारलं होतं, “दक्षिणा कुणाला द्यायची आणि कढई कुणाला?” मागच्या बाकावरून उलट उत्तर आलं आणि बाईंनी सगळ्या वर्गाला पन्नास-पन्नास शब्द लिहायला लावले. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. तऱ्हा, कुऱ्हाड, वऱ्हाड, आपलं कऱ्हाड. तेव्हा बाईंचा राग आला होता. बाई, आज सांगते, तो राग मी 2002 च्या डिसेंबरमध्ये परत घेतला.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उठले. इंग्रजीत वाक्य जुळेना, म्हणून हिंदीत बोलले. म्हटलं, मराठीत असा ‘र’ नसतो. इथे रफार नाही, आडवा र लागतो. त्याने विचारलं, “फर्क क्या पड़ता है?” मी म्हटलं, “एक लिखोगे तो गुरुजी आएँगे, दूसरा लिखोगे तो रसोइया.” सभागृह हसलं. मला वाटलं, संपलं. पण तो हसत नव्हता. त्याने मला पुढे बोलावलं आणि माझ्या हातात कागद-पेन दिलं. म्हणाला, काढून दाखवा.

सत्र संपल्यावर आम्ही तासभर त्याच्या लॅपटॉपपुढे बसलो. युनिकोडच्या तक्त्यात शोधताना सापडलं की आडव्या र ची सोय आधीच करून ठेवलेली आहे. नेहमीचा ‘र’ आहे 2352. त्याला लागून 2353 वर खाली टिंब असलेला ‘ऱ’ आहे. तो मुळात दक्षिणेकडच्या भाषांमधला एक वेगळा ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेला. त्याचा पाय मोडला की मिळतो आपला मराठी आडवा र. म्हणजे क्रमांक होता, नियम होता. फक्त त्या फाँटमध्ये ती आकृती कुणी काढलेली नव्हती, कारण ती लागते हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

घरी आल्यावर मी बाईंचे पन्नास शब्द आठवून आठवून लिहिले आणि कॉलेजच्या संगणकावरून त्याला पाठवले. काही महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. सोबत एक चित्र होतं. त्यात ‘कऱ्हाड’ बरोबर दिसत होतं. ते मी छापून घेतलं आणि बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, “हे तर आम्हाला पहिल्यापासून येतंय.” (हशा) बरोबरच होतं त्यांचं. आपल्याला पहिल्यापासून येत होतं. संगणकाला येत नव्हतं.

नोकरी मला त्यामुळे मिळाली नाही, हेही सांगते. ती पुढच्या वर्षी पुण्यात मिळाली, वेगळ्याच कामाची. पण दहा वर्षांनी कंपनीत मोबाइलवरच्या भारतीय लिप्यांचं काम आलं तेव्हा मी हात वर केला आणि आजही मी तेच करते. माझ्या टीममध्ये तमिळ, बंगाली, कन्नड मुलं आहेत. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारते, “तुमच्या शाळेतल्या भाषेच्या शिक्षकांनी कोणत्या चुकीवर सगळ्यात जास्त मारलं?” त्यांची उत्तरं आम्ही तपासणीच्या यादीत घालतो. फार उपयोगी यादी आहे ती.

आता मागणं.

आज सकाळी शाळा बघताना मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. यंदा नववीतली एक मुलगी विज्ञान प्रदर्शनात पुढच्या फेरीसाठी निवडली गेली. ती गेली नाही. फी माफ होती, राहायची सोय होती. प्रवासाचे पैसे आणि सोबत जाणारं माणूस, या दोन गोष्टी जमल्या नाहीत. तिच्या वडिलांनीही बहुधा तोच प्रश्न विचारला असेल, कशाला जायचं एवढ्या लांब? आणि त्या रविवारी त्यांच्या बागेत सायकलवरून कुणी गेलं नसेल.

शाळेला आपण तुकडीतर्फे काय द्यायचं, यावर आपल्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. पाण्याचा कूलर, प्रवेशद्वाराची कमान, डिजिटल फळा. सगळं चांगलंच आहे. माझी सूचना अशी की कमान थोडी लहान करू आणि एक प्रवासनिधी काढू. दरवर्षी दोन विद्यार्थी, त्यांच्यासोबत एक शिक्षक. प्रदर्शन, शिबिर, परिषद, काहीही असो, गाडीभाडं आणि जेवणाचा खर्च तुकडीचा. त्यातला एक विद्यार्थी मुलगी असलीच पाहिजे. आपण त्रेचाळीस जण ग्रुपवर आहोत आणि सोलापूरपासून सिडनीपर्यंत पसरलेलो आहोत. म्हणजे मूल कुठेही गेलं तरी स्टेशनवर घ्यायला जाणारा एक काका किंवा मावशी आपल्यात निघेल. पैशापेक्षा हे मोठं आहे. बाबांनी मला सोडलं ते भिशीच्या पैशामुळे नाही, पलीकडे कुणीतरी उभं आहे म्हणून सोडलं.

आणि परत आल्यावर मुलाला एकच काम. प्रार्थनेनंतर दहा मिनिटं शाळेसमोर उभं राहून सांगायचं, काय पाहिलं.

पहिल्या दोन वर्षांचा खर्च मी देते. पावतीपुस्तक बाहेर टेबलावर, चहाच्या शेजारी मुद्दाम ठेवलं आहे. नववीतल्या त्या मुलीच्या घरी जायला मला उद्या सकाळी वेळ आहे. सर, तुम्ही सोबत याल का?