चैत्राचा खर्च आणि करमणुकीचा हक्क

(कामगार वस्तीत पाडव्यानंतर भरलेल्या सभेतील भाषण)



चैत्र लागला की पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे वेध लागतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये तिची सुरुवात केली. सुशिक्षित वर्गाने आपल्या वसंताला विचारांची जोड दिली, हे चांगलेच झाले. आज आपण कामगार वस्तीतल्या वसंताचा विचार करू. आपल्याकडे हा ऋतू कोकिळेच्या आधी वाण्याच्या वहीतून कळतो.

फाल्गुन आणि चैत्र हे श्रमिक कुटुंबाच्या जमाखर्चातले अवघड महिने. वर्षाची मिरची-हळद याच दिवसांत घ्यावयाची, मसाला डंकावर कुटून आणावयाचा, जमल्यास धान्य भरून ठेवावयाचे. शिमग्याला गावी जाण्याचे एस. टी.चे भाडे, पाडव्याची साखरगाठ, गावच्या जत्रेची वर्गणी, लग्नसराईतला आहेर. आणि हे सरते न सरते तोच जूनमधल्या वह्यापुस्तकांची चिंता. पगार मात्र तेवढाच. अशा वेळी घरातली बाई कात्री कशाला लावते? धान्याला लावता येत नाही, भाड्याला लावता येत नाही. कात्री लागते ती नाटकाच्या तिकिटाला, जत्रेतल्या पाळण्याला आणि सर्वांच्या आधी तिच्या स्वतःच्या विसाव्याला.

यावर शहाणी माणसे सांगतात की करमणूक ही चैन आहे. परवडेल तेव्हा करावी. गिरणगावाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. कोकणातून आलेला गिरणी कामगार दाटीवाटीच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपत असे, खाणावळीत जेवत असे, महिन्याकाठी गावी मनिऑर्डर करीत असे. तरीही भजनी मंडळाची वर्गणी तो बाजूला काढून ठेवी. नमन, जाखडी, दशावतार ही त्याची कला त्याच्याबरोबर शहरात आली; घाटावरच्या कामगाराबरोबर तमाशा आला. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमी वाढली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि तमाशाच्या जुन्या साच्यातून कामगाराचा रोजचा प्रश्न बोलू लागला. ज्या पटांगणात रात्री भजन रंगे, त्याच पटांगणात संपाची सभा भरत असे. एकत्र हसण्याची सवय असलेली माणसे एकत्र लढावयासही लवकर उभी राहतात. म्हणून हा प्रश्न चळवळीचा आहे.

आता वेतनाच्या हिशोबाकडे वळू. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरविले. प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. ते माप त्या काळी मोठे पाऊल होते. पण त्यातला कामगार जेवतो, कपडे घालतो, चूल पेटवितो आणि झोपतो. तो गातो, जत्रेला जातो, मुलाला सर्कस दाखवितो, याची त्या मापात वेगळी नोंद नव्हती. ती नोंद व्हावयास १९९१ साल उजाडावे लागले. रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभांसह किमान करमणूक आणि म्हातारपण, लग्न यांची तरतूद हेही किमान वेतनाचे घटक मानले, आणि एकूण किमान वेतनात त्यांचा वाटा २५ टक्के असावा असे सांगितले. म्हणजे ज्या शिमग्याला उधळपट्टी म्हणतात, तो शिमगा न्यायालयाने किमान गरजांच्या यादीत बसविला आहे. आपल्यापैकी किती जणांनी वेतनवाटाघाटीत हा २५ टक्क्यांचा हिशोब मालकापुढे मांडला?

आज ही मागणी अधिक निकडीची झाली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडले. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. जेथे कामगार कापड विणीत होता, तेथे त्याचा नातू कंत्राटी पहारेकरी म्हणून बारा बारा तास उभा असतो. आतल्या चित्रपटाचे तिकीट त्याच्या रोजीला झेपत नाही. मग करमणूक राहते ती हातातल्या मोबाइलपुरती. रिचार्जचा खर्च किराण्याच्या यादीत जाऊन बसला आहे आणि एका खोलीतली चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसली आहेत. पूर्वी वर्गणी देऊन आपण करमणूक निर्माण करीत होतो. आता पैसे मोजून ती एकेकट्याने विकत घेतो. वर्गणीतून संघटना उभी राहत होती. रिचार्जमधून ती उभी राहत नाही.

तेव्हा तीन गोष्टी आपण हाती घ्याव्यात असे मला वाटते. पहिली, प्रत्येक वेतन करारात शिक्षण, औषध आणि करमणूक यांचा भाग स्वतंत्र ओळीत मागावा. 'किरकोळ' या शब्दाखाली तो दडू देऊ नये. दुसरी, चाळींच्या पुनर्विकासात खोलीच्या चौरस फुटांसाठी आपण भांडतो तसेच पटांगणासाठी आणि सभागृहासाठी भांडावे, व ते वस्तीला परवडेल अशा भाड्यात मिळावे. तिसरी गोष्ट पुरुष साथींसाठी आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, ही घोषणा आपण मे दिनाला देतो. घरातल्या बाईचे आठ तास कोठे गेले, हे आधी पाहावे. १९७२ नंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. जिने घराचा हिशोब रस्त्यावर नेला, तिला नाटक पाहावयास एक संध्याकाळ मोकळी मिळत नसेल, तर आपला समाजवाद उंबरठ्याबाहेरच थांबला असे म्हणावे लागेल.

मे दिन जवळ आला आहे. त्या दिवशीच्या मागणीपत्रात भाकरीच्या खालच्या ओळीत गाण्याची मागणी लिहा आणि तिच्यापुढे आकडाही घाला.