भीमाच्या सावलीतली चुटकी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी 'कार्टून' म्हटलं. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "ताई, मागच्या वर्षी म्युच्युअल फंडावर भाषण झालं होतं." मी म्हटलं, हरकत नाही, माझंही गुंतवणुकीबद्दलच आहे.

गोष्ट २०१२ सालची. मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्याकडे आलं. चौदा मुलं होती. कुठलं नाटक करू या, असं विचारलं तर चौदाही मुलं एका सुरात ओरडली, "छोटा भीम!" ज्या आजीआजोबांनी नातवंडांबरोबर तो पाहिला नसेल (असे कितीसे असणार म्हणा!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनच्या राजीव चिलका यांनी हा भीम घडवला आणि २००८ पासून तो पोगो वाहिनीवर दिसू लागला. ढोलकपूर नावाचं गाव आहे. त्यात नऊ वर्षांचा भीम, त्याची मैत्रीण चुटकी, चिमुकला राजू, बोलणारं माकड जग्गू, दांडगाई करणारा कालिया, त्याच्या मागे फिरणारे जुळे ढोलू-भोलू आणि राजा इंद्रवर्मा. गावावर संकट येतं, भीमाला लाडू मिळतो, त्याचे दंड फुगतात, संकट पळतं. पुढच्या भागात नवं संकट, नवा लाडू.

चौदांपैकी अकरा जणांना भीमच व्हायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, एकाला भीम मिळाला, बाकीच्यांची समजूत घालता घालता माझा घसा बसला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. घरचीच म्हणून तिला उरलेली चुटकी दिली. तिला चार वाक्यं होती, त्यांतली दोन "भीम, लाडू!" अशी. एका रात्री तिनं विचारलं, "आई, लाडू चुटकीच्याच घरी करतात ना? मग ती स्वतः का खात नाही?" मी म्हटलं, "झोप आता." दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

राजा इंद्रवर्मा झालेल्या मुलाची गोष्ट तर आणखी वाईट. त्याला एकच वाक्य होतं, "भीमा, आता तूच आम्हाला वाचवू शकतोस." मिशी लावून, आईच्या शालूचा शेला करून तो पंचवीस मिनिटं सिंहासनावर बसला आणि शेवटच्या लढाईच्या वेळी चक्क झोपी गेला. लोक पोट धरून हसले, मीही हसले. पुढच्या वर्षी नाटकासाठी फोन केला तर त्याची आई म्हणाली, "त्याला राहू द्या. तो नाही म्हणतो." तेव्हा हसू आलं नाही. ते नाटक पोगोनं लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं.

आमच्या ऑफिसातली तरुण मुलं अशा नायकाला 'ओपी' म्हणतात. ओव्हरपॉवर्ड, म्हणजे गोष्टीच्या मानानं फार बलाढ्य. त्याचं बळ खटकत नाही. पाच वर्षांच्या मुलाला पाणी प्यायचं तरी फिल्टरचा नळ हाताला येत नाही, त्याला एक बलवान दोस्त हवाच. खटकतं ते हे, की ढोलकपूरवर येणारं प्रत्येक संकट ठोशानं सुटणारंच असतं. मग चुटकी हुशार असली काय आणि राजू धीट असला काय, त्यांच्या गुणांना गिऱ्हाईकच नाही. त्यांनी घाबरायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या. गंमत बघा, २०११ मध्ये राजूची स्वतंत्र मालिका आली, 'मायटी राजू'. त्यात राजूला आर्यानगर नावाचं शहर मिळालं आणि अचाट शक्तीही मिळाली. म्हणजे दुय्यम पात्राला न्याय द्यायचा तर त्यालाही भीम करायचं! आता त्याच्या मित्रांनी काय करायचं?

हा रोग काही आपल्याकडचाच नाही. जपानी 'ड्रॅगन बॉल झेड' पाहत मोठे झालेले बरेच जण इथे बसलेत. त्यातला गोकू दर लढाईनंतर इतका बलाढ्य होत जातो, की यामचासारखा त्याचा जुना साथीदार नुसता बघ्या होऊन जातो. पण ही मालिका ज्यांच्या चित्रकथेवरून निघाली, ते अकिरा तोरियामा (२०२४ साली ते गेले) मोठे चतुर लेखक. अगदी शेवटच्या लढाईत त्यांनी गोकूला अडवला. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांनी हात वर करून आपली थोडी थोडी शक्ती द्यायची असते, आणि गोकूचं कोणी ऐकत नाही, कारण तो कोण हेच लोकांना ठाऊक नसतं. तेव्हा कामाला येतो मिस्टर सेटन. हा थापाड्या पहिलवान, दुसऱ्यांच्या पराक्रमावर नाव कमावलेला. तो ओरडून सांगतो आणि लोक हात वर करतात. सगळ्यांत बलवान माणूस एका फुशारकी मारणाऱ्याच्या ओळखीवर अडलेला!

'वन पंच मॅन'ची (अॅनिमेशन २०१५) तऱ्हा आणखी वेगळी. सैतामा हा नायक कुणालाही एका ठोशात संपवतो, म्हणून लेखकानं जीव लावला तो इतरांवर. त्यात एक सायकलवाला वीर आहे, मुमेन रायडर. अंगात काही शक्ती नाही, फक्त हेल्मेट आणि सायकल. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचलेल्या आपल्या पिढीला सायकलवरच्या नायकाचं काय अप्रूप, पण हा नेहमी हरतो. समुद्रातून आलेल्या एका राक्षसापुढे तो पुन्हा पुन्हा मार खाऊन उभा राहतो. मग सैतामा येतो, एक ठोसा, खेळ खलास. इथे आपलं कार्टून संपलं असतं. तिथे मात्र गर्दीतला एक जण म्हणतो, एका माणसानं इतक्या सहज मारला तर आधीचे सगळे वीर कुचकामीच असणार. ते ऐकून सैतामा मुद्दाम खोटं बोलतो. बाकीच्यांनी राक्षसाला दमवलं होतं, मी आयत्या वेळी येऊन श्रेय लाटलं, असं सांगून तो लोकांच्या शिव्या स्वतःवर घेतो. हा प्रसंग मी मुलीबरोबर दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा माझ्या हट्टानं.

पण २०१३ साली माझ्यापुढे सैतामा नव्हता. मी गेले मूळ भीमाकडे. ज्यांच्यासमोर आपण आत्ता बसलो आहोत, त्या बाप्पांनीच महाभारत लिहून घेतलं असं आपण मानतो. त्यातल्या वनपर्वात एक प्रसंग आहे. जंगलात फिरताना भीमाला एक अजगर विळखा घालतो. हत्तींना लोळवणारा भीम, पण त्याचं बळ चालत नाही. हा अजगर म्हणजे अगस्त्यांच्या शापानं सर्प झालेला नहुष राजा. भावाला शोधत युधिष्ठिर येतो. अजगर प्रश्न विचारतो, ब्राह्मण कोणाला म्हणावं? युधिष्ठिर सांगतो, सत्य, दान, क्षमा ज्याच्या ठायी दिसतात त्याला, नुसत्या जन्मावरून नव्हे. उत्तरं पटतात, भीम सुटतो, नहुषाचाही शाप संपतो. व्यासांनी भीमाचं बळ कमी केलं नाही, ते जिथे लागू पडत नाही अशी एक जागा तेवढी ठेवली. हनुमानाची शेपटी न उचलता येणारा भीमही ह्याच वनपर्वातला.

मग ठरलं, आपलं नाटक अजगराचं. दोन डबल बेडच्या चादरी शिवून एक लांबलचक पिशवी केली, त्यावर डायमंडच्या आकाराचे ठिपके रंगवले आणि आठ मुलं आत घातली. तोंडाच्या जागी तिसऱ्या मजल्यावरचा कन्नड मुलगा होता. तालमीत तो मराठी संवाद विसरला आणि दरडावून म्हणाला, "नीनु यारु?" आम्ही ते तसंच ठेवलं, प्रयोगात सगळ्यांत मोठी दाद त्यालाच मिळाली. भीमाच्या आईचा मात्र रात्री साडेदहाला फोन आला, "आमच्या बाळानं दहा मिनिटं नुसतं अडकून उभं राहायचं?" मी म्हटलं, "वहिनी, महाभारतातच तसं आहे." व्यासांवर ढकललं की वाद मिटतो, हा माझा तेव्हापासूनचा अनुभव.

गेल्या वर्षीचा राजा इंद्रवर्माही अखेर आला. नाटकात काम करायला नाही, धाकट्या बहिणीला तालमीला सोडायला. अजगराचं पोट फार खपाटीला गेलं होतं म्हणून त्याला म्हटलं, नुसता आत शिरतोस का? शिरला. आत कोण आहे हे कोणाला दिसत नाही म्हटल्यावर तो इतका फुस्स-फुस्स करू लागला, की युधिष्ठिराला उत्तरं ओरडून द्यावी लागली.

माझ्या मुलीनं शेपूट मागून घेतलं. मला वाईट वाटलं. चुटकीला निदान तोंड तरी होतं! पण विळखा सोडवायची वेळ आली तेव्हा कळलं. पहिल्या तालमीत अजगर डोक्याकडून सुटायला गेला आणि भीमासकट सगळे एकमेकांवर कोसळले. शेपटानं आधी मागे फिरायचं, मग पोटानं, शेवटी डोक्यानं. शेपूट हलेपर्यंत भीम सुटत नव्हता. प्रयोगाच्या दिवशी ती मुद्दाम दोन सेकंद थांबली. भीम दात-ओठ खात कुजबुजला, "सोड ना!" आणि चादरीच्या आतून स्पष्ट आवाज आला, "लाडू आहे का?"

तो अजगर अजून आमच्या माळ्यावर आहे. यंदाच्या बालनाट्याला हवा असेल तर सेक्रेटरींकडे निरोप ठेवा, मी काढून देईन. परत देताना मात्र धुऊन द्या, मागच्या खेपेला त्यात चुरमुरे निघाले होते.

गणपती बाप्पा मोरया!