तार दारापर्यंत आली पाहिजे



कामगार चळवळीतल्या माणसाने इंटरनेटच्या कायद्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु असंघटित कामगाराची ई-श्रमवरील नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, मुलीचा कॉलेजप्रवेशाचा अर्ज, ही सारी कामे आज याच वाटेने होतात. भाईंदरच्या गाळ्यांतून स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कामगाराला ती वाट परवडत नसेल, तर मिळालेला हक्कही कागदावरच राहतो. म्हणून आम्ही हा प्रश्न भाकरीचाच समजतो.

1885 साली मुंबईत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच वर्षी परक्या सरकारने तारायंत्राचा कायदा केला. तार ही सरकारची मिरास, हे त्याचे सूत्र. त्याच्या जागी आपल्या संसदेने डिसेंबर 2023 मध्ये दूरसंचार कायदा संमत केला. परवानगी देण्याची सत्ता आजही सरकारकडेच आहे. तरीही यातील दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात.

पहिली निधीची. कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के आकार सार्वत्रिक सेवेसाठी घेतला जातो; म्हणजे अखेर तुमच्याआमच्या रिचार्जमधूनच. नव्या कायद्याने त्या जुन्या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले, आणि 24 व्या कलमात ग्रामीण व दुर्गम भागांच्या जोडीला सेवा अपुरी असलेले शहरी भागही घातले. शहर म्हटले की सोयी आल्याच, हा समज कायद्यानेच सोडला आहे. उत्तनच्या कोळीवाड्याने आणि मिठागरांलगतच्या वस्त्यांनी तो का धरून ठेवावा?

दुसरी गोष्ट वाटेची. 13 वे कलम सांगते की, तारा नेण्याचा मार्गाधिकार भेदभाव न करता आणि शक्यतो कोणा एकालाच न देता द्यावा. इमारतीत एकाच कंपनीची तार शिरू दिली, तर दर तीच ठरविणार. स्पर्धेचा गुण आपण पाहिला आहे. सप्टेंबर 2016 मध्ये एक नवी कंपनी उतरली आणि दर कोसळले. पुढे मोठ्या खाजगी कंपन्या तीनच उरल्या, आणि जुलै 2024 मध्ये तिघींनीही पाठोपाठ दर वाढविले. एकच गिरणी असलेल्या गावात मजुरी गिरणीवाला ठरवितो. एकच दुकान असले की भाव दुकानदार ठरवितो. न्याय एकच.

मात्र कायदा स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. आठ तासांचा दिवससुद्धा कायद्यात लिहिल्याने कारखान्यात आला नाही. कामगार एकजुटीने मागत राहिले, तेव्हा आला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विचारा, की दुसऱ्या कंपनीला मज्जाव का? वस्तीवस्तीत सेवा कोठे अपुरी पडते याची यादी करा, आणि ती महापालिकेपुढे व आपल्या खासदारांपुढे ठेवा. निधीत आपला पैसा आहे. तो मागण्यात याचना नाही.