डोंगरीचे 101 दिवस
(इंदूरला राजवाड्यासमोर केलेलं भाषण)

होळकरांच्या या राजवाड्यासमोर उभा राहून मी दुसऱ्या एका मराठी संस्थानाची, कोल्हापूरची गोष्ट सांगणार आहे.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. वय विशीच्या आत. त्यांना वेडे ठरवून कोंडून ठेवलेलं. ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं त्याविरुद्ध आवाज उठवला, दिवाण बर्व्यांना दोषी ठरवणारी पत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली! टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. दोघं जेमतेम पंचविशीचे, आपल्याच वयाचे. 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून सुटले.

पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 ला, अहमदनगरच्या किल्ल्यात ब्रिटिश शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले.

म्हणजे पत्रं खोटी होती, पण छळ खरा होता.

मला यातून एवढंच कळतं. आपलं दुखणं खरंय, म्हणून मोबाइलवर आलेला प्रत्येक कागद खरा ठरत नाही. एका बनावट कागदानं खरी बाजू लंगडी पडते. लिहायला घाबरू नका, पण पाठवण्याआधी तपासा. तुरुंगात जायची वेळ आलीच, तर खऱ्यासाठी जाऊ.