शेवळाची जुडी आणि सूर्येचं पाणी

(नालासोपाऱ्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं बोलावलं ते कवितेवर बोलायला. कवितेवर मी बोलणार नाही. भाजीवर बोलणार आहे. हसून घ्या. मी गोदीत ओझं उचलणारा माणूस, शिक्षण मॅट्रिक. तूरडाळीची गोणी पाठीवर पडली की ती कुठल्या देशातनं आली हे शिक्क्यावर वाचता येतं. पण आपल्या स्टेशनबाहेर विकली जाणारी जुडी कुठनं आली हे वाचायची सवय मला नव्हती. ती परवा लागली.

रात्रपाळी करून मी पहाटेच्या गाडीनं उतरतो. तेव्हा समोरच्या गाडीत मालडब्याशी वसईच्या बाया उभ्या असतात. फुलांची बोचकी, केळीची पानं, अळूचे भारे. दादरला चाललेल्या. मी पाळी संपवून येतो तेव्हा त्यांची पाळी सुरू होते. जिन्याखाली मात्र दुसऱ्या बाया. डोंगराकडच्या. जून लागला की शेवळं आणतात, सोबत काकडं. मग पाऊस धरला की टाकळा, करटोली. शेवळं खाजरं असतं, काकडं टाकून शिजवावं लागतं, नाहीतर घसा धरतो. हे तिनंच मला सांगितलं. मी विचारलं, मावशी कुठली? म्हणाली, विक्रमगडकडची. शेतात काय? भात, थोडी नाचणी, बाकी रानातलं. आणि उन्हाळ्यात? तर माझ्याकडं बघून म्हणते, "उन्हाळ्याला कसलं दादा. धरण आमच्या तिथं, पानी तं तुमच्याकडं जातं."

तेवढ्यात गाडी आली गाडी आली म्हणून ओरडा झाला. बाया पळाल्या. ओझं उचलणं हा माझा धंदाच, तिची टोपली मी डोक्यावर घेतली आणि फलाटाच्या टोकाला नेऊन ठेवली. तिनं दोन जुड्या फुकट द्यायला काढल्या. मी पैसे दिले. पण तिचं ते "तुमच्याकडं" डोक्यातनं उतरेना.

कारण ते खरं आहे. सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण झालं ते डहाणू, पालघर, विक्रमगडकडची शेती भिजवायला. आदिवासी पट्टा. आणि पाणी आलं शहराकडं. दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची एक योजना झाली, त्यातलं १८ कोटी ५० लाख वसई-विरारला, बाकीचं मीरा-भाईंदरला. ज्या नळाला माझी आई सकाळी हंडा लावते त्या नळाला त्या मावशीचा उन्हाळा आहे. मी तहानेनं मरावं असं कोणी म्हणत नाही. आपल्या आजोबांनी ७२ च्या दुष्काळात गाव सोडलं, मुंबईतनं हुसकावलं तेव्हा आपण इथं आलो, पाणी आपला हक्कच. चवदार तळं आपण विसरलेलो नाही. पण १९२७ ला आपण ज्या बाजूला उभे होतो त्या बाजूला आज ती बाई उभी आहे, आणि नळ आपल्या हातात आहे. हे बोलायला जड जातं म्हणून बोलतोय.

नळाआधी टँकर होते. टँकरचं पाणी कुठलं? वाडीतल्या विहिरींचं. वसई, आगाशी, निर्मळ, या पट्ट्यात वाडीवाले पिढ्यान्‌पिढ्या केळी, वांगी, नागवेल, फुलं पिकवतात. बावखलं पावसाचं पाणी धरून ठेवायची. विहिरी उपसल्या, बावखलं बुजवून बिल्डिंगी उठल्या, समुद्राचं खारं पाणी आत सरकलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं ते यासाठी. आपल्या लोकांना वाटायचं, हे शेठ लोकांचं भांडण. आपल्या चाळी मात्र त्याच बुजवलेल्या जमिनीवर आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून जी सुकेळी करतात, ती करणारी घरं आता थोडी राहिली. वाडीच राहिली नाही तर वाळवायचं काय?

आता बाजाराचं. २०१० साली वांद्र्यात रविवारचा सेंद्रिय शेतकरी बाजार सुरू झाला. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक दिली, शहरात शेतकरी आठवडे बाजार भरायला लागले. दलाल मधनं गेला, चांगलंच झालं. हमालाचा पोरगा आहे मी, दलाल काय चीज असते मला ठाऊक. पण अशाच एका सोसायटीतल्या बाजारात माझी आई गेली होती. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कुरडया. मांडायला टेबल मिळेल म्हणाले. चव घेतली. वा म्हणाले. मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, पुढच्या रविवारचं फोन करून कळवतो. दोन वर्षं झाली, आई तो नंबर अजून जपून ठेवते. विषमुक्त भाजी मागणाऱ्यांच्या जिभेवर हे विष चालतं!

म्हणून गावरान, गावाकडची चव असं कोणी लाडानं म्हटलं की मला ४ नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं बाबासाहेबांचं भाषण आठवतं. गावाची आरती ओवाळणाऱ्यांना त्यांनी तिथं काय सुनावलं ते आपल्याला पाठ आहे. माती चांगली असेल, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते ह्याच प्रश्नावर.

आणि उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी खोटा ठरेन. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून गुजरातेत देहरीला भास्कर सावे यांची कल्पवृक्ष वाडी. रासायनिक खत वापरून पाहिलेला माणूस, मग सोडून दिलं आणि जमिनीला जगवलं. २०१५ ला वारले. मोठं काम, मी मानतो. पण विक्रमगडच्या मावशीकडं युरिया नाही तो पैसे नाहीत म्हणून. उद्या पैसे आले तर ती टाकेलही. तिच्या गरिबीला सेंद्रिय असं गोंडस नाव देऊन आपण दर वाढवायचा आणि दर तिच्या हातात पडायचा नाही, असला धंदा आपल्याला करायचा नाही.

मग करायचं काय? २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. सर्वेक्षण झाल्याशिवाय हुसकावता येत नाही, विक्रेत्यांच्या प्रतिनिधींसह समिती करावी लागते. आपल्यातल्या ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांनी त्या बायांचे अर्ज लिहायचे. कविता नंतर. आणि रविवारी बुद्धविहाराच्या पुढची जागा मोकळी असते. तिथं डोंगराकडच्या बाया बसतील, वाडीवाल्यांपैकी येतील ते बसतील, आपल्या बायांची चटणी बसेल. आडनाव कोणी विचारायचं नाही. घासाघीसही नको. मॉलमध्ये आपण घासाघीस करत नाही, तिच्यापुढंच बरी जीभ सुटते.

मावशीला मी विचारून ठेवलंय. म्हणाली, पाऊस नसला तर येईन, चौघी अजून आणीन, पण परत जायला एसटी पाच वाजता आहे. तेव्हा बाजार सकाळी सातला लागला पाहिजे. जागा झाडायला, ताडपत्री बांधायला पाच जण पाहिजेत. ताडपत्री मी गोदीतनं जुनी आणतो. दोरी कोणाकडं आहे?