संरक्षण आदेशाला सीमा नाही
(कडोली येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सीमाप्रश्नावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो. आज उंबरठ्याच्या आतल्या प्रश्नावर बोलायचे आहे. कडोलीच्या लेकी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे दिल्या जातात, तिकडच्या लेकी सुना म्हणून इकडे येतात. १९५६ साली राज्यांची सीमा आखली गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. म्हणून मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो: दाद कोणत्या राज्यात मागायची?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा केंद्राचा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम २७ नुसार बाई जिथे राहते, मग ती तात्पुरती का राहत असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. चंदगडला दिलेली कडोलीची लेक बेळगावच्या कोर्टात जाऊ शकते आणि तिथे मिळालेला आदेश देशभर चालतो.

या आदेशाने कोर्ट नवऱ्याला किंवा सासरच्यांना बजावते, की हिला मारायचे नाही, फोनवरून छळायचे नाही, कामाच्या जागी जायचे नाही, स्त्रीधनाला हात लावायचा नाही. तिला मदत करणाऱ्या आई-भावालाही त्रास द्यायचा नाही. घर सासऱ्याच्या नावावर असले म्हणून सुनेला बाहेर काढता येत नाही. तिच्या राहण्याच्या हक्काचा विचार करावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कोणी म्हणेल, कागदाने हात थांबतो का? नुसत्या कागदाने थांबत नाही. पण आदेश मोडला की तो नवरा-बायकोचा तंटा उरत नाही, तो गुन्हा ठरतो. पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आपल्या जुन्या घराण्यांत चार शहाणी माणसे बसवून मिटवायची रीत आहे. त्या माणसांचा मान आम्ही ठेवतो. पण पंचांपुढे दिलेला शब्द मोडला तर शिक्षा कोण देणार? समेट करायचा असेल तर तो बाईच्या इच्छेने व्हावा. घराण्याचे नाव राखायचे म्हणून तिची कोर्टाची वाट अडवू नये. लेक मार खात असताना राखलेले नाव कसले?

आता व्यवहाराचे. अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. कर्नाटकात बालविकास प्रकल्प अधिकारी हेच संरक्षण अधिकारी असतात. कोर्टातील विधी सेवा समितीकडून बाईला वकील मोफत मिळतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागा. तो समोरच्याचे ऐकण्याआधीही मिळू शकतो. कागद कन्नडमध्ये असतील तर मराठीत समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. आदेशाची प्रत फुकट मिळते. एक बाईजवळ, एक माहेरी ठेवा आणि पोलीस ठाण्यात पोचली का, हे स्वतः जाऊन पाहा. जीवावर बेतले तर कोर्टाची वाट न बघता ११२ फिरवा. सल्ल्यासाठी महिलांचा १८१ आहे.

राज्याची सीमा कुठे असावी यावर आपला लढा आहे. बाईच्या अंगावर हात टाकायची मुभा मात्र सीमेच्या अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.

जय महाराष्ट्र!